चोरचोळी

कागद कोरा होता आणि तो मी माझ्याच अक्षरात भरला. मुख्याध्यापिका सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, की प्रोबेशनच्या दोन वर्षांत मी कौटुंबिक कारणासाठी लांबची रजा मागणार नाही, आणि मागावी लागलीच तर राजीनामा देईन. 'मूल' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मी सही केली. त्यांनी तो कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पेपरवेटखाली ठेवला आणि बडीशेपेची डबी माझ्यापुढे केली. असल्या कागदाला कायद्यात काय किंमत असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी सही केलीच असती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

कारण नोकरी नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून भागणार नव्हतं. माझे यजमान परदेशी मालाच्या आयातीचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत होते. एके काळी त्यांच्या टेबलासमोर मोठमोठे कारखानदार हात जोडून उभे राहत. मग देशाने दारं उघडली, परवाने एकामागून एक रद्द झाले आणि त्या कचेरीत करण्यासारखं काही उरलं नाही. माणसं दहाला जात, वर्तमानपत्र वाचत, शेंगदाणे खात आणि पाचला परत येत. मग 'सरप्लस'ची यादी निघू लागली. त्या यादीत नाव आलं की देशात कुठेही, कुठल्याही खात्यात रवानगी, आणि सरोजिनी नगरचं दोन खोल्यांचं क्वार्टर खाली करायचं. आम्ही ठरवलं होतं की त्यांना कुठेही फेकू देत, मी दिल्ली धरून ठेवायची. शाळेत दोन वर्षं काढली की मार्चअखेर मी पक्की होणार होते. पक्क्या बाईला बाळंतपणाची रजा मिळे आणि कोणी सहजासहजी काढू शकत नसे.

शाळा गुडगावला होती. आज तिथे काचेचे मनोरे आहेत. तेव्हा शाळेच्या एका अंगाला सरसोंचं शेत होतं आणि दुसऱ्या अंगाला अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे सांगाडे. त्यांत घरं घेतलेल्या लोकांची मुलं आमच्याकडे येत. इमारत संपायच्या आधीच त्यांना शाळा हवी होती, आणि शाळाही कशी, तर परदेशात असते तशी. मी नववी-दहावीला गणित शिकवत असे.

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात मला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी 'बघू या पुढे' म्हणायचंही सोडून दिलं होतं. बातमी कळली त्या दिवशी मी आणि यजमान स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच हसलो आणि मग दोघांनीही एकदमच बोटांवर महिने मोजायला घेतले. जून. म्हणजे मार्चअखेर सातवा लागलेला असणार.

"कसं लपवणार तू?" ते म्हणाले.

"थंडी आहे ना," मी म्हणाले.

दिल्लीच्या थंडीवर मी त्या वर्षी जेवढा जीव टाकला तेवढा कुणावर टाकला नसेल. सरोजिनी नगरच्या बाजारात एक्स्पोर्टचा उरलेला माल येतो. तिथून कुणा धिप्पाड परदेशी बाईसाठी शिवलेला एक करडा कोट आणला. त्यात माझ्यासारख्या दोन मावल्या असत्या. साडी, वर शाळेचा मरून कार्डिगन, त्यावर तो कोट आणि त्यावर शाल. धुकं पडलं की मला बरं वाटे. पेपरात 'पारा आणखी घसरणार' असं आलं की मी ते यजमानांना मोठ्याने वाचून दाखवी. फक्त मार्चमध्ये एक दिवस असा यायचा होता, की शाळेत 'समर युनिफॉर्म'ची नोटीस लागते आणि मुलांबरोबर शिक्षकांचेही कोट-कार्डिगन उतरतात. तो दिवस आणि माझा पक्कं होण्याचा दिवस यांच्यात जे काही अंतर पडेल तेवढं मला कसंबसं पार करायचं होतं.

शाळेची बस करोल बागेहून निघे. तिथे पहिल्या थांब्यावर चढणारी हिंदीची शिक्षिका माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवत असे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती, त्याच वर्षी लागलेली, म्हणजे प्रोबेशनचं पहिलंच वर्ष. माझ्यासारखाच कागद तिनेही लिहून दिलेला होता. माहेर इंदूरचं. मी मराठी आहे हे कळल्यावर तिला फार आनंद झाला आणि ती त्यांच्या शेजारच्या कुणा काकूंबद्दल सांगू लागली. काकूंची पुरणपोळी, काकूंचं हळदीकुंकू, काकूंना मूलबाळ नव्हतं म्हणून ही लहानपणी त्यांच्याकडेच पडलेली असायची. इंदूरच्या प्रत्येक माणसाच्या शेजारी एक मराठी काकू असतेच, असं मनाशी म्हणत मी वह्या तपासायला काढल्या. मी तशी फटकळ आहे, आणि सकाळी सव्वासहाला तर फारच. तिला त्याचं काही वाटत नसे. ती आपली बोलत राही.

दिवाळीनंतर सासूबाई साताऱ्याहून आल्या, त्या पिशवीत हिरवा खण घेऊनच. तिसरा महिना सरत आला की आमच्याकडे चोरचोळी करतात. जगाला सांगायच्या आधी घरातल्या घरात, गुपचूप, हिरवी चोळी द्यायची आणि ओटी भरायची. मोठं डोहाळजेवण पुढे सातव्यात, चारचौघांत. चोरचोळीला बाहेरचं कुणी नको. पण सासूबाई विधवा होत्या आणि ओटी भरायला सवाष्ण आणि लेकुरवाळीच बाई हवी हा त्यांचाच हट्ट. तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या दोन मुलांच्या आईला शपथ घालून बोलावलं. तिने माझ्या पदरात तांदूळ, नारळ आणि खण घातला, आणि ज्यांनी तो खण साताऱ्याहून मांडीवर घेऊन आणला होता त्या सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून लांबून बघत राहिल्या.

मला संताप आला. मी नंतर त्यांना म्हणालेसुद्धा, "आई, तुम्हीच का नाही भरलीत? मला असलं काही चालतं."

"तुला चालतं गं," त्या म्हणाल्या, "पण पोटातल्याला चालतं का, ते कोण सांगणार? उगाच विषाची परीक्षा कशाला?"

मी गणिताची बाई. मी हसले आणि असल्या गोष्टी माझ्या पिढीबरोबर संपणार असं त्यांना ऐकवलं. चोळी शिवून एक दिवस तरी अंगावर घाल, एवढंच त्या म्हणाल्या.

मी ती एक दिवस शाळेत घालून गेले. दिल्लीत आम्हाला ही एक मोठी सवय लागलेली असते. आपण काय बोलतो, काय नेसतो, ते इथे कुणाला कळत नाही असं आपण धरूनच चालतो. बसमध्ये, दुकानात, लोकांच्या तोंडावर आम्ही मराठीत त्यांचीच निंदा करतो. गुडगावात खणाची चोळी म्हणजे एक हिरवं ब्लाउज, बास. मधल्या सुट्टीत मैदानावर ऊन आलं होतं, कोट खुर्चीवर टाकला होता, कार्डिगनची वरची बटणं सैल केली होती. हिंदीची बाई शेजारी येऊन बसली, तिने माझ्या गळ्याशी दिसणाऱ्या चोळीच्या काठाला बोट लावलं.

"खण है ना?"

"हाँ," मी म्हणाले. "सास लाई हैं."

"अच्छा," ती म्हणाली आणि संत्रं सोलू लागली. अर्धं संत्रं तिने मला दिलं.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये खिडकीच्या जागेवरून उठली आणि मला म्हणाली, "आप इधर बैठिए, मुझे धूप लगती है." डिसेंबरचा महिना होता. डिसेंबरात दिल्लीत माणसं उन्हाच्या तुकड्यासाठी भांडतात. मी काही विचार न करता बसले, कारण डिझेलच्या वासाने मला मळमळत होतं आणि खिडकी हवीच होती. आणखी काही दिवसांनी तिने तिसऱ्या मजल्यावरचा माझा नववीचा वर्ग आणि तळमजल्यावरचा तिचा वर्ग यांची अदलाबदल टाइमटेबलवाल्या सरांकडून करून घेतली. तिला म्हणे जिने चढायची सवय राहायला हवी होती. मी त्यातही काही पाहिलं नाही. स्वतःचं लपवण्यात माणूस इतका गुंतलेला असतो, की आपण दिसतोय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

जानेवारीत, धौला कुआँच्या चौकात बस अडकली असताना, तिने मला सांगितलं. आपल्याला तिसरा लागलाय. अजून कुणाला माहीत नाही. आपली दोन वर्षं पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये संपणार, तेव्हा लपवणं काही जमणार नाही, पण निदान ही वार्षिक परीक्षा होईपर्यंत तरी दिवस काढावेत. तिच्या नवऱ्याचं काम सुटलेलं होतं हे मला आधीच माहीत होतं. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. आता माझी पाळी होती, हे मला त्याही क्षणी कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. तिच्यासारखंच, हलक्या आवाजात.

"बधाई हो," मी म्हणाले. "अपना ख़याल रखना."

"जी," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघू लागले. मला भीती वाटली होती, आणि भीतीपेक्षाही जास्त, मला हिशेबी व्हावंसं वाटलं होतं. दोघींचं गुपित एका बाकावर नको. तिचं पहिलं फुटेल, आणि त्याच्याबरोबर माझंही.

तिचं फुटलंच. फेब्रुवारीच्या अखेरीला मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. हवा उबदार झाली होती, पण त्यांचा हीटर चालूच होता. मी कोट, शाल सगळ्यासकट खुर्चीत बसले आणि घाम पाठीवरून खाली उतरताना मला कळत होता. आपलं संपलं, असं मी धरूनच गेले होते.

त्यांनी बडीशेपेची डबी पुढे केली. "मैडम, एक बात पूछनी थी. आपकी बस में जो हिंदी की टीचर हैं, किसी पेरेंट ने कुछ कहा है. क्या वो एक्सपेक्ट कर रही हैं?"

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवणार नाही. दुसरीचं विचारताहेत हे कळल्यावर मला पहिल्यांदा आनंद झाला, अगदी खरा, मोकळा आनंद. त्या आनंदातच मी बोलले. मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं, आणि तेवढ्यावर निभावलंही असतं. पण मला वाटलं, मी काहीच सांगितलं नाही तर त्या मला नीट निरखून बघतील.

"ठीक से तो नहीं पता, मैम," मी म्हणाले. "पर सुबह बस में उनका जी मिचलाता है."

बसमध्ये मळमळत होतं ते मला.

"थैंक यू," त्या म्हणाल्या. मी बाहेर आले आणि पाच मिनिटांनी दहावीला समरूप त्रिकोण शिकवले. नीट शिकवले. एकही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं. ती खोलीतून बाहेर पडली, स्टाफरूममध्ये येऊन तिने कपाटातल्या वस्तू पिशवीत भरल्या, एक स्टीलचा डबा, लाल पेनं, आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर लावून ठेवला. जाताना सगळ्यांना नमस्कार केला, त्यांत मलाही. मुलांना सांगितलं गेलं, की मॅडम घरगुती कारणाने गेल्या. त्या संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मी तिथे माझी पर्स ठेवली, म्हणजे दुसरं कुणी बसणार नाही.

होळी झाली. उन्हाळी गणवेशाची नोटीस लागली. उरलेले दिवस मी पदर पुढून घेऊन आणि छातीशी वह्यांचा गठ्ठा धरून काढले. कुणी विचारलं तर थायरॉइड सांगत होते. मार्चच्या शेवटच्या दिवशी लिफाफा मिळाला. घरी यजमानांनी तो दोनदा वाचला आणि देवापुढे ठेवला. मी न्हाणीघरात जाऊन रडले, आणि ते आनंदाचं रडू आहे असं त्यांना वाटू दिलं.

एप्रिलच्या मध्याला मी रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिले. कोट नव्हता, काही नव्हतं. त्यांनी अर्ज वाचला, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि त्यांना राग येण्याऐवजी हसू आलं.

"जून," त्या म्हणाल्या. "मतलब उस दिन आप यहाँ बैठी थीं, तब छठा चल रहा था." त्यांनी पेन उघडलं. "मैंने उनसे आपके बारे में भी पूछा था, पता है? वो कोट मुझे खटकता था. उन्होंने कहा, मैम, मैं रोज़ उनके साथ बैठती हूँ, ऐसा कुछ होता तो मुझे पता होता." त्यांनी अर्जावर सही केली. "आप दोनों में वो ज़्यादा अच्छा झूठ बोलती थीं."

त्या दिवशी बसमध्ये मला सगळं एकदम दिसलं. खण ओळखणारं बोट, अर्धं संत्रं, डिसेंबरातलं ऊन, तिसरा मजला. इंदूरच्या काकूंकडे लहानपण काढलेल्या मुलीला हिरव्या खणाचा अर्थ कळणार नाही असं मी कशावरून धरलं होतं? तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने स्वतःचं मला सांगितलं, ते मला बोलायला सोपं जावं म्हणून.

मे महिन्यात, आठवा सरत आला असताना, मी करोल बागेत तिचं घर शोधत गेले. यजमानांना सांगितलं नाही. बांगड्यांच्या दुकानांमागची गल्ली, एवढं तिच्या बोलण्यातून माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर गच्चीतली एक खोली. जिना इतका उभा, की प्रत्येक वळणावर मला थांबावं लागलं. तिने दार उघडलं. मी तिच्या पोटाकडे बघितलं, कारण तिने माझ्या पोटाकडे बघितलं होतं. तिच्या हिशेबाने आता सातवा असायला हवा होता. कुर्ता सरळ खाली उतरला होता.

"इतनी गर्मी में क्यों आईं आप?" ती म्हणाली. मला खुर्ची दिली, कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि पाणी आणलं.

मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. होळीनंतर. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नसतो. तिचा आवाज अगदी साधा होता. मी मनात दिवस मोजायला लागले, नोकरी गेली तेव्हापासून होळीपर्यंत किती, आणि मोजता मोजता थांबले. कुठलंही उत्तर आलं असतं तरी ते मला नको होतं.

"मैंने बताया था मैम को," मी म्हणाले. वाटेत ऑटोत हेच वाक्य घोकत आले होते. "आपकी तबीयत के बारे में."

"मालूम है. उन्होंने मुझे उसी वक़्त कह दिया था, कि आपने बताया. उसके बाद आपका पूछा."

त्यानंतर. म्हणजे मी काय केलं ते ऐकून घेतल्यानंतर ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. मी एवढंच विचारलं, "फिर क्यों?"

"मेरी तो जा ही चुकी थी," ती म्हणाली. "दोनों की क्यों जाए?" यात माया नव्हती, की मोठेपणा नव्हता. वह्या टेबलावर लावून ठेवल्या होत्या तशीच ही एक गोष्ट तिने नीट लावून ठेवली होती.

मग ती उठली आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हिरवा ब्लाउजपीस काढला. डिसेंबरात घेतलेला, खालच्याच दुकानातून. खण काही इथे मिळाला नाही, म्हणाली, म्हणून नुसता हिरवाच. ज्या दिवशी तुम्ही सांगाल त्या दिवशी द्यायचा असं ठरवलं होतं.

मी उठून उभी राहिले. ओटी घ्यायची म्हणून माझा हात आपोआप पदराकडे गेला, आणि तिथेच अडकला. पोटात बाळाने पाय मारला होता. सासूबाईंचा आवाज कानात होता, पोटातल्याला चालतं का, ते कोण सांगणार. क्षणभरच. पण तिने ते पाहिलं. तिच्या नजरेतून माझं कधीच काही सुटलं नव्हतं.

"हमारी काकू के बच्चे नहीं थे ना," ती शांतपणे म्हणाली, "तो वो किसी की ओटी नहीं भरती थीं. हाथ में दे देती थीं. आप भी हाथ में ही ले लीजिए."

मी पदर पसरायला हवा होता. माझ्याच मुठीत तो धरलेला होता. मी तो सोडला आणि हात पुढे केला.